बांधापलीकडील हिशेब

महसूल खात्यांतील कारकुनी आटोपून मी नुकताच निवृत्त झालों आहें. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें. गणित त्रैराशिकापुढें गेलें नाहीं आणि इंग्रजीशीं ओळख सहीपुरतीच राहिली. शास्त्रीय विषयावर लेखणी उचलण्याचा अधिकार मला नाहीं, हें प्रथमच कबूल करतों. तथापि ज्या नुकसानीविषयीं मी लिहीत आहें तिचे आंकडे मीं स्वतःच्या हातानें तक्त्यांत भरले आहेत, आणि त्यांतील एक ओळ माझ्या स्वतःच्या शेताची आहे. तेवढ्याच आधारावर हें धाडस करीत आहें. वाचकांनीं तें पोटांत घालावें.

सन २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भ-मराठवाड्यांतील कपाशीची काय दशा केली, तें कापूसवाल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. बोंड बाहेरून निरोगी दिसावें, आणि फोडून पाहतां आंत सरकी पोखरलेली व रुईची कवडी झालेली निघावी. त्याच सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले. पुढें सरकारी हुकमाप्रमाणें शिवारोशिवार पंचनामे झाले, आणि आम्ही कचेरींत बसून त्यांचे गोषवारे केले. गट क्रमांक, खातेदाराचें नांव, क्षेत्र, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे किंवा नाहीं, असे त्यांत रकाने होते. एक रकाना मात्र नव्हता. ‘बियाण्याच्या पिशवीबरोबर मिळालेली लहान पुडी आपण पेरली काय ?’ असा तो रकाना असता, तर माझ्या नांवापुढें मला ‘नाहीं’ असें लिहावें लागलें असतें.

त्या काळीं बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळत असे. शेताच्या कडेनें पांच ओळी, अथवा एकंदर क्षेत्राचा शेंकडा २० भाग, यांपैकीं जें अधिक भरेल तेवढ्यावर हें बियाणें लावावें असा नियम होता. आपल्याच शेतांत अळीचें पोट भरावयाचें, ही गोष्ट माझ्या गळीं उतरली नाहीं. मीं ती पुडी गोठ्याच्या वळचणीस खोचून ठेवली, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनींही तेंच केलें. त्या पुडींत काय होतें, हें मला गेल्या दिवाळींत समजलें. आणि समजलें तें कोणाच्या व्याख्यानानें नव्हे, तर एका खेळानें.

माझा पुतण्या जिल्ह्याच्या गांवीं विज्ञान शाखेंत शिकतो. सुटींत तो आपला संगणक घेऊन आला होता. एके रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें मला जवळ बसवून पडदा उघडला. हिरव्या चौकोनांत शंभर मेंढ्या व पन्नास लांडगे मोकाट फिरत होते. मेंढी गवत खाते, खाल्लेलें गवत ठराविक काळानें पुन्हां उगवतें. लांडग्यास मेंढी सांपडली तर त्याचें बळ वाढतें, न सांपडल्यास घटत घटत तो मरतो. दोघांचीही वीण ठराविक प्रमाणांत होते. एवढेच नियम. बाजूस आलेखाच्या रेषा आपोआप उमटत होत्या. मेंढ्या वाढल्या कीं कांहीं वेळानें लांडगे वाढत. लांडगे वाढले कीं मेंढ्या घटत. मेंढ्या घटल्या कीं लांडगे उपाशीं मरत, आणि मेंढ्यांचें पुन्हां फावे.

अशा आज्ञावलीस प्रतिरूप चालविणारी आज्ञावली म्हणावें. हिचें नांव ‘नेटलोगो’. अमेरिकेंतील उरी विलेन्स्की यांनीं सन १९९९ मध्यें ती निर्माण केली, आणि तिचें संगोपन तेथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत होतें. विद्यार्थ्यांस व शिक्षकांस ती फुकट मिळते. तिच्या पोटांत शेंकडों तयार प्रतिरूपें आहेत, व कोणासही त्यांतील नियम वाचतां व बदलतां येतात. मिनेसोटा विद्यापीठांतील डॉन अलस्टॅड यांची ‘पॉप्युलस’ नांवाची दुसरी एक आज्ञावली आहे. तींत फिरणारे प्राणी दिसत नाहींत. आंकडे घालावे आणि आलेख पाहावे, अशी तिची रीति आहे. दोन्हींचा हेतु एकच : प्राणी व वनस्पति यांची संख्या कशी वाढते, कशी घटते, आणि एकाची घट-वाढ दुसऱ्यास कशी बाधते, हें विद्यार्थ्यानें स्वतः करून पाहावें.

मीं पुतण्यास म्हटलें, “लांडग्या-मेंढ्यांशीं आपणांस काय कर्तव्य आहे ?” तो म्हणाला, “काका, गवताच्या जागीं कपाशी समजा, मेंढीच्या जागीं मावा, आणि लांडग्याच्या जागीं ढालकिडा.” मग मात्र मीं खुर्ची पुढें ओढली. “अरे, पण यांत फवारणी कोठें आहे ?” असें विचारतांच त्यानें दोन-चार ओळी लिहून एक नवी कळ बसविली. ती दाबली कीं दोन्ही जातींतील चौथा हिस्सा मरे.

पहिल्यानें कळ दाबली तेव्हां मेंढ्या एकदम उतरल्या, व फवारणी करून घरीं येणाऱ्या माणसास वाटतें तसें मला समाधान वाटलें. पण लांडग्यांवर दुहेरी घाव बसला होता. कांहीं तर जागींच मेले, आणि उरले त्यांचें अन्न कमी झालें. मेंढ्यांस उलट गवत मुबलक आणि वैरी थोडे. थोड्याच वेळांत त्या पूर्वींपेक्षां अधिक झाल्या. मीं पुन्हां कळ दाबली. पुन्हां तोच प्रकार. अखेरीस लांडगे अजीबात संपले, आणि मेंढ्यांच्या रेषेस वरून दाबणारें कोणी उरलें नाहीं. घड्याळांत पाहिलें तों पंधरा मिनिटेंही झालीं नव्हतीं. हाच धडा शेतांत शिकावयाचा तर मला कित्येक हंगाम आणि कित्येक हजार रुपये लागले असते. खरें पाहतां ते लागलेच होते. फक्त धडा पदरांत पडला नव्हता.

हा कांहीं पोराचा चावटपणा नव्हे. इटालियन गणिती व्हिटो व्होल्टेरा यानें सन १९२६ मध्यें हीच गोष्ट समीकरणांनीं सिद्ध केली. त्याच्या आदल्या वर्षीं अमेरिकेंत आल्फ्रेड लोट्का यानें तशींच समीकरणें स्वतंत्रपणें मांडलीं होतीं. व्होल्टेराचा जांवई उंबर्टो द’अँकोना हा प्राणिशास्त्रज्ञ एड्रियाटिक समुद्रावरील बंदरांच्या मासळीबाजाराचे आंकडे तपाशीत होता. फ्यूम बंदरीं येणाऱ्या मासळींत, इतर मासे खाऊन जगणाऱ्या माशांचा वांटा सन १९१४ मध्यें शेंकडा १२ च्या आसपास होता. महायुद्धामुळें मासेमारी मंदावली, आणि सन १९१८ मध्यें तो शेंकडा ३६ वर चढला. युद्ध संपून जाळीं पुन्हां पडूं लागल्यावर सन १९२३ मध्यें तो ११ च्याही खालीं आला. जाळें भक्ष्य आणि भक्षक असा भेद करीत नाहीं. आणि जेथें दोघांचाही सारखा संहार होतो तेथें भक्षक मागें पडतो व भक्ष्याचें फावतें. जाळ्याच्या जागीं आपला फवारणीचा पंप ठेवला, कीं हा समुद्रावरील हिशेब आपल्या शिवाराचा होतो.

शेतींतही याचे दाखले झालेले आहेत. कॅलिफोर्नियांतील संत्र्या-लिंबांच्या बागा पांढऱ्या पिठाळ खवल्याकिडीनें बुडूं लागल्या, तेव्हां सन १८८८-८९ मध्यें ऑस्ट्रेलियांतून व्हेडालिया नांवाचा ढालकिडा आणून सोडण्यांत आला, आणि त्यानें त्या किडीचा बंदोबस्त केला. पुढें १९४० नंतरच्या दशकांत त्याच बागांवर डीडीटी मारूं लागतांच ढालकिडा मेला आणि कीड परत उसळली. इंडोनेशियांत भातावरील तपकिरी तुडतुडा फवारणीनें हटेना, उलट वाढूं लागला. तेव्हां सन १९८६ मध्यें तेथील अध्यक्ष सुहार्तो यांनीं भातावर ५७ कीटकनाशकांस बंदी केली, आणि त्यानंतर शेतकऱ्यांस बांधावर बसवून मित्रकिडी ओळखावयास शिकविणाऱ्या शेतशाळा निघाल्या.

आतां पुडीची गोष्ट. दुसऱ्या रात्रीं पुतण्यानें ‘पॉप्युलस’ उघडून एखादा गुण पिढ्यानुपिढ्या कसा पसरतो त्याचे आलेख दाखविले. आलेखावर माझा विश्वास लवकर बसत नाहीं. म्हणून सवयीप्रमाणें मीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तो येथें देतों. आंकडे मानीव आहेत, रीति मात्र खरी आहे.

समजा, एका शिवारांत एक कोटि बोंडअळ्या आहेत, आणि दर दहा लाखांत एक अशी आहे कीं बीटीचें विष तिला बाधत नाहीं. म्हणजे कोटींत दहा. हा गुण आई व बाप या दोघांकडूनही आला तरच अळी तगते, एकाकडूनच आला तर मरते, असें धरूं. सर्व शिवार बीटीचें असेल तर नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशें नव्वद अळ्या मेल्या. शेत आरशासारखें स्वच्छ, शेतकरी खूष. उरल्या अवघ्या दहा. परंतु त्या दहांचे पतंग झाल्यावर त्यांचीं लग्नें लागावयाचीं तीं आपसांतच. आणि त्यांची सगळी प्रजा विषास न जुमानणारी निघावयाची.

आतां पांचव्या हिश्श्यांत बिगर-बीटी लावली आहे असें धरा. बीटीवरील ८० लाखांपैकीं ८ अळ्या उरल्या. आश्रयाच्या ओळींत मात्र २० लाख जगल्या. आठांतील एखाद्या पतंगास जोडीदार मिळेल तो बहुतेक या वीस लाखांतला, म्हणजे साधा. त्यांच्या पिलांस तो गुण एकाच बाजूनें मिळालेला, म्हणून तीं बीटीवर पुन्हां मरतात. गुण नाहींसा होत नाहीं, पण त्याची वाढ कासवाच्या गतीनें होते. मीं वळचणीस खोचलेली पुडी ही अळीस दिलेली मेजवानी नव्हती. विषाची धार टिकावी म्हणून भरावयाचा तो सारा होता. सारा मीं थकविला, आणि सन २०१७ मध्यें व्याजासह वसुली झाली.

प्रत्यक्षांत काय घडलें तें पाहा. बीटी कपाशीस आपल्या देशांत सन २००२ मध्यें परवानगी मिळाली, आणि दोन जनुकांचें वाण सन २००६ मध्यें आलें. एका जनुकास न जुमानणारी गुलाबी बोंडअळी गुजरातेंत आढळल्याचें सन २०१० मध्यें जाहीर झालें, आणि पुढें दुसऱ्या जनुकाचीही तीच वाट लागली. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत हीच अळी आणि हीच युक्ति सन १९९६ पासून होती. तेथील शेतकऱ्यांनीं आश्रयाचें क्षेत्र राखलें. सन २००६ पासून विमानांतून नपुंसक केलेले पतंग सोडण्यांत आले. आणि सन २०१८ मध्यें त्या देशाच्या कापूसपट्ट्यांतून ही अळी निखालस गेल्याचें तेथील सरकारनें जाहीर केलें. आपल्याकडे हल्लीं बिगर-बीटी बियाणें त्याच पिशवींत मिसळून देण्याची रीति आली आहे. ती सोयीची असेल. पण आपण पुडी पेरूं हा भरवसा उरला नाहीं, असाही तिचा एक अर्थ आहे, आणि तो मला लाजवितो.

केवळ पुडी न पेरल्यानेंच सर्व अनर्थ झाला असें मी म्हणत नाहीं. फरदडीच्या लोभानें कपाशी डिसेंबरानंतरही उभी ठेवणें हें दुसरें कारण. पुतण्यानें पिढ्यांचा आंकडा वाढविला तेव्हां आलेखाची रेषा लवकर चढली. फरदड म्हणजे शेतांत तोच आंकडा वाढविणें होय. गुलाबी बोंडअळीचा निर्वाह मुख्यत्वें कपाशीवरच होतो. शेत मोकळें झालें तर तिची साखळी तुटते, उभें राहिलें तर ती पुढील हंगामास भिडते.

यावर कोणी म्हणतील कीं शेतीचें ज्ञान शेतांत. पडद्यावरील ठिपके पाहून काय होणार? आक्षेप अगदींच खोटा नाहीं. पडद्यावरील लांडग्यास ऊन लागत नाहीं, त्या गवतावर पाऊस पडत नाहीं, आणि शेजारच्या तालुक्यांतून उडून येणारा पतंग त्या चौकोनांत शिरत नाहीं. माझ्या वरील हिशेबांतही ‘एकाकडूनच गुण आला तर अळी मरते’ हें गृहीत धरलें आहे. तें ढळलें तर उत्तर ढळेल. जें गृहीत धरलें तें चूक असेल तर यंत्र चुकीचेंच उत्तर देईल, आणि तें मोठ्या दिमाखानें देईल.

परंतु कचेरींत जन्म घालविलेल्या माणसास याचें नवल वाटत नाहीं. गांवचा नकाशा म्हणजे कांहीं गांव नव्हे. त्यांत विहिरीचें पाणी नाहीं कीं मातीचा कस नाहीं. तरी बांधाचा तंटा निघाला कीं आपण नकाशाच उलगडतों. पैसेवारीसाठीं थोड्या शेतांत थोडी जागा मोजून पीक कापतात व त्यावरून सबंध गांवाचा अंदाज करतात. नमुन्याचीं शेतें चुकलीं तर पैसेवारी चुकते, हें ठाऊक असूनही पैसेवारी टाकून देतां येत नाहीं. तिचा नमुना कसा घेतला हें विचारावें लागतें. प्रतिरूपाविषयींही हाच न्याय लावावा. त्याचें उत्तर ऐकण्यापूर्वीं त्याचीं गृहीतें विचारावीं, आणि शेवटचा निवाडा शेतावर ठेवावा.

या खेळाचा खरा उपयोग कोणता म्हणाल तर असा. शेतकऱ्याच्या आयुष्यांत पेरण्या होतात फार तर तीस-चाळीस. प्रत्येक पेरणी म्हणजे एकच प्रयोग, आणि त्यांत चूक झाली तर संसार पणास लागतो. शिवाय प्रत्येकाची नजर आपल्या बांधाशीं थांबते. कीड बांध ओळखत नाहीं. माझी पुडी मीं पेरली आणि दोन्ही शेजाऱ्यांनीं फेकली तर मला तिचा लाभ थोडा. मीं फेकली आणि त्यांनीं पेरली तर माझें काम फुकटांत झालें. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो, आणि कोणीच पेरीत नाहीं. हा हिशेब एका शेतांत उभें राहून दिसत नाहीं. सबंध शिवार एका चौकोनांत आणि दहा वर्षें एका रात्रींत मांडलीं तरच तो दिसतो. नियमाची अंमलबजावणी हुकमानें होत नाहीं हें मीं नोकरींत पुष्कळ पाहिलें. नियम कशासाठीं आहे तें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, तो हुकमाची वाट पाहत नाहीं.

यास्तव मंडळाच्या चालकांपुढें तीन सूचना नम्रपणें ठेवतों. पहिली, मंडळाच्या कचेरींत एका संगणकावर या आज्ञावल्या ठेवाव्या. त्यांस दाम लागत नाहीं. दुसरी, दर वर्षीं ज्येष्ठांत, बियाणें विकत घेण्यापूर्वीं, गांवोगांवच्या शाळेंत एक-दोन रात्री सभासदांस बोलावून त्या दाखवाव्या. कळ शेतकऱ्यानें स्वतः दाबावी. शिक्षकानें अगर कॉलेजांतील मुलानें केवळ शेजारीं बसावें. पडद्यावरील अक्षरें इंग्रजी आहेत, तेव्हां त्यांची मराठी यादी आपल्या मासिकांत छापावी, आणि लांडग्या-मेंढ्यांऐवजीं ढालकिडा-मावा अशीं आपल्या पिकांचीं प्रतिरूपें मुलांकडून बसवून घ्यावीं. तिसरी, प्रत्येक खेळाबरोबर त्याचीं गृहीतें फळ्यावर लिहावीं, व हंगाम संपल्यावर आपल्या शेतांत मोजलेल्या अळ्यांचे व मित्रकिडींचे आंकडे त्यापुढें मांडावे. पडदा आणि शेत यांत जेथें फरक पडेल, तेथेंच शिकण्यासारखें कांहीं तरी आहे असें समजावें.

ती पुडी अजूनही माझ्या गोठ्याच्या वळचणीस आहे. उंदरांनीं तिचा एक कोपरा कुरतडला आहे, आणि आंतील बियाणें उगवण्याच्या कामाचें राहिलेलें नाहीं. तरी मीं ती टाकलेली नाहीं. येत्या ज्येष्ठांत आमच्या गांवच्या शाळेंत खेळ झाला, तर ती मी संगणकाशेजारीं ठेवणार आहें. आणि पंचनाम्यांत जो रकाना नव्हता, तो फळ्यावर काढून त्यांत पहिलें नांव माझें लिहिणार आहें.